बातमीतला कर्ता

आमच्या समाजातील पहिली शिकलेली पिढी छापील शब्दाला फार मान देते. ज्या घरात पूर्वी कागद म्हणून केवळ सावकाराची चिठ्ठी किंवा कचेरीची नोटीस येत होती, त्या घरातल्या मुलाला वर्तमानपत्र म्हणजे ज्ञानाचे दार वाटावे यात नवल नाही. मलाही ते तसेच वाटत होते. माझे वडील सालगडी होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी शाळेत असताना गावातल्या हॉटेलात पडलेला शिळा पेपर ते मागून आणीत आणि मला मोठ्याने वाचायला लावीत. वाचून झाले की विचारीत, "हे खरं हाय का रं?" मी ठामपणे सांगे, "पेपरात छापलंय म्हणल्यावर खरंच असणार." ते काही बोलत नसत. पण त्यांचे समाधान झालेले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळे.

हा लेख म्हणजे त्यांच्या त्या प्रश्नाला मी फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. रविवारी सकाळी परभणीजवळच्या पेडगाव येथील विहारात आमचा एक अभ्यासवर्ग भरतो. पेडगावची आणि आसपासच्या वस्त्यांतील बारा-पंधरा मुले-मुली येतात. कोणी बी. ए. करीत आहेत, कोणी तलाठी परीक्षेच्या, कोणी पोलीस भरतीच्या तयारीत आहेत. ही मुले वर्तमानपत्र वाचतात ते 'चालू घडामोडी' म्हणून. नावे, तारखा, योजना एका वहीत उतरवून घ्यायच्या आणि पाठ करायच्या. एकदा मी विचारले, "ही बातमी कोणी लिहिली? त्याला ती कोणी सांगितली?" वर्गात कोणालाच उत्तर देता आले नाही. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मलाही माझ्या शिक्षकांनी कधी विचारला नव्हता.

बातमीतील पक्षपात म्हटला की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर खोटी बातमी येते. मालकाने दाबलेली, विकत घेतलेली, मुद्दाम रचलेली. अशा बातम्या असतात, हे खरे. पण माझा अनुभव असा की आमच्यावर सर्वाधिक अन्याय करणारी बातमी बहुधा खोटी नसते. तिच्यातले प्रत्येक वाक्य सिद्ध करून दाखवता येते. अन्याय असतो तो वाक्याच्या रचनेत. म्हणून मी हा विषय राजकारणाच्या अंगाने सुरू न करता व्याकरणाच्या अंगाने सुरू केला.

फळ्यावर मी तीन वाक्ये लिहिली.

आंदोलकांनी दगडफेक केली.
सौम्य लाठीमार करण्यात आला.
एकाचा मृत्यू झाला.

मग म्हटले, शाळेत शिकलात तसा प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधा. पहिल्या वाक्यात तो सगळ्यांना सापडला. प्रयोग कर्मणी असला तरी दगडफेक करणारा तेथे उघड उभा आहे. दुसऱ्या वाक्यात मुले अडली. लाठीमार कोणी केला? वाक्यात नाही. 'करण्यात आला' या दोन शब्दांनी करणारा अलगद बाजूला नेला. 'सौम्य' हे विशेषण मात्र आहे, आणि ते नक्कीच मार खाणाऱ्याने दिलेले नाही. तिसऱ्या वाक्यात तर व्याकरणाने कर्ता 'मृत्यू' हाच होतो. मृत्यूच झाला. तो कोणी केला, कशाने झाला, हे विचारायला वाक्यात जागाच उरत नाही.

हे तीन नमुने ध्यानात ठेवून मुलांनी जुनी-नवी कात्रणे जमवली. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आम्ही काही केले की वाक्यात कर्ता असतो. आमच्यावर काही केले गेले की कर्ता गाळला जातो. 'वस्ती पेटवण्यात आली', 'बहिष्कार टाकण्यात आला', 'मारहाणीची घटना घडली'. जणू वस्ती स्वतःच पेटली आणि मारहाण पावसासारखी आकाशातून पडली.

येथे एका विद्यार्थिनीने रास्त शंका काढली. ती म्हणाली, "सर, गुन्हा सिद्ध होण्याआधी वार्ताहराने नाव कसे लिहायचे?" तिचे म्हणणे खरे आहे. न्यायालयाने दोषी ठरवण्यापूर्वी कोणाला गुन्हेगार म्हणू नये, हा चांगला दंडक आहे. अत्याचारपीडित स्त्रीची ओळख उघड करू नये, असा तर कायदाच आहे. तेव्हा कर्ता गाळलेले प्रत्येक वाक्य लबाडीचे असते असे समजू नये. पण हा संयम सर्वांसाठी सारखा पाळला जातो का, हे तपासले पाहिजे. 'आंदोलकांनी दगडफेक केली' हे लिहिताना न्यायालयाच्या निकालाची वाट कोण पाहतो?

हे सारे आमच्यापुरते कात्रणांचे काम होते. मग डिसेंबर २०२४ आला, आणि बातमी आमच्याच जिल्ह्यात घडली.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. (पाहा, मीही 'झाली' असेच लिहून गेलो. एका इसमाने ती केली व लोकांनी त्याला पकडून पोलिसांच्या स्वाधीन केले, असे लिहायला हवे होते.) ११ डिसेंबरला बंद पाळला गेला. त्या दिवशी दगडफेक व जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि नंतर धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा, कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा अंत झाला.

त्या आठवड्यातली कात्रणे आम्ही विहाराच्या भिंतीवर तारखेप्रमाणे लावली. पुतळ्याजवळ कृत्य करणारा इसम 'मनोरुग्ण' किंवा 'माथेफिरू' होता. बंदच्या दिवशी रस्त्यावर आलेले लोक 'जमाव' होते, 'संतप्त समाज' होते. कोणाच्या मनाची अवस्था काय, हे वैद्याने व न्यायालयाने ठरवायचे. पोलिसांनी सांगितले म्हणून ते दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात कसे आले, हा आमचा प्रश्न होता. आणि त्यापुढचा प्रश्न मुलांनीच काढला. त्या एकाचे कृत्य हे त्याच्या एकट्याचे राहिले. आमच्यातल्या काहींचे कृत्य मात्र साऱ्या समाजाचे झाले. असे का?

दुसरी गोष्ट सांगणाऱ्याची. पहिल्या दिवसांतल्या बहुतेक बातम्यांत सांगणारा एकच होता, पोलीस खाते. सोमनाथच्या बाबतीत आधी आले ते छातीत दुखू लागल्याचे कारण. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाण झाली नसल्याचे आणि त्याला श्वसनाचा आजार असल्याचे सांगितले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. ३० जुलै २०२५ रोजी तेथेही शासनाची मागणी फेटाळली गेली.

या तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या तेव्हा वर्ग शांत झाला. १५ डिसेंबरला 'मृत्यू झाला' असे वाक्य होते. त्या वाक्यात करणाऱ्याची नुसती चौकशी व्हावी, यासाठी एका आईला साडेसहा महिने न्यायालयाची पायरी चढावी लागली. बातमीतला कर्ता ही केवळ व्याकरणाची बाब नाही, हे मुलांना त्या दिवशी माझ्या व्याख्यानाशिवाय समजले.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. तो म्हणाला, "सर, उद्या मी भरती झालो आणि असली प्रेस नोट मलाच लिहायला सांगितली, तर मी कर्ता लिहू का गाळू?" त्याच्या घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची आहेत. शेती नाही. मी त्याला बाबासाहेबांचे नाव घेऊन एखादे तेजस्वी वाक्य सांगू शकलो असतो. माझ्याने ते झाले नाही. मी स्वतः दर वर्षी नेमणुकीच्या पत्राची वाट पाहणारा माणूस आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. बातमी कोणत्या दिवसापासून सुरू होते?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. नांदेड-परभणीच्या खेड्यांतून वस्त्या जाळल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. माझे वडील तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. आमच्या वस्तीतली माणसे काही रात्री शेतात, पिकात लपून राहिली. धाकट्या आत्याच्या तोंडावर आजीने हात दाबून धरला होता, कारण ती तान्ही होती आणि रडली असती. ही गोष्ट आमच्या घरात दरवर्षी पावसाळ्यात कोणी ना कोणी काढते.

एम. ए. साठी मी औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) गेलो, तेव्हा वडिलांनी एकच काम सांगितले होते. "तवा पेपरात आपल्या गावाचं काय आलं व्हतं, ते बघ." मी ग्रंथालयात बसून त्या दिवसांच्या फायली चाळल्या. अनेक गावांची नावे होती. आमच्या गावाचे नाव नव्हते. आमच्या गावात कोणी मेले नव्हते, म्हणून ते बातमीत आले नाही. भीती ही बातमी होत नाही. लोकांनी पिकात काढलेल्या रात्री ही बातमी होत नाही. घरी आल्यावर मी वडिलांना तसे सांगितले. ते म्हणाले, "मग आपुन खोटं बोलतोय की काय?"

त्या फायलींत आणखी एक गोष्ट दिसली. बातमी सुरू होई ती ठरावापासून, म्हणजे 'भावना दुखावल्या' तेथून. मागचा इतिहास तिच्यात क्वचितच येई. गावकीची कामे नाकारणारी माणसे, गायरान जमीन कसू पाहणारी कुटुंबे, शिकून नोकरी मागणारी पोरे आणि या सर्वांमुळे गावात साचत गेलेला राग, यांतले काहीच नाही. बातमीचे घड्याळ कोठून लावायचे हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दोष कोणाचा हेही असते. परभणीची बातमी १० डिसेंबरपासून वाचली तर एक अर्थ निघतो. ११ डिसेंबरच्या दगडफेकीपासून वाचली तर दुसरा.

येथे एक अवघड गोष्ट मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. त्या काळच्या 'मराठवाडा' दैनिकाने आणि त्याचे संपादक अनंत भालेराव यांनी नामांतराला विरोध केला. हेच भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेले, मराठवाड्याच्या विकासासाठी लेखणी झिजवलेले संपादक होते. विद्यार्थी विचारतात, "मग ते चांगले होते की वाईट?" मी सांगतो, प्रश्न असा विचारूच नका. पक्षपात दुष्ट माणसांच्याच हातून होतो असे मानणे ही आपली सोय आहे. प्रदेशाची अस्मिता ही सर्वांची अस्मिता आहे, असे एका सज्जन, त्यागी माणसालाही वाटू शकते. त्या 'सर्वांत' गावकुसाबाहेरची माणसे मोजायची राहून गेली, हे त्याला दिसत नाही. न दिसणे हाच पक्षपाताचा मोठा भाग आहे.

तिसरा प्रश्न नावाचा. घटनेला कोणते नाव दिले गेले? भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. जमिनीचा वाद होता. जातीचा द्वेष होता. पण आरंभी या हत्याकांडाला चिकटवले गेलेले नाव 'अनैतिक संबंध' हे होते. एका नावाने सारे बदलले. गावाने केलेला अत्याचार हा एका बाईच्या चारित्र्याचा प्रश्न झाला, आणि जातीचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही. महिनाभर राज्याच्या मोठ्या वृत्तपत्रांना या घटनेचे गांभीर्य कळले नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावतीसह विदर्भात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कॅमेरे आले. तेव्हाही मोर्च्यांमागे नक्षलवादी असल्याची शंका सरकारकडून व्यक्त झाली आणि ती ठळकपणे छापली गेली. चार माणसे मेली याची बातमी व्हायला महिना लागला. लोक चिडले याची बातमी एका दिवसात झाली.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. मोठ्या टाइपात ते सर्वत्र आले. या गुन्ह्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असेही न्यायालयाने ठरवले होते. ते वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले, हेही नव्हते. म्हणून बातमीला विचारायचा आणखी एक प्रश्न आम्ही वहीत लिहिला. पुढे काय झाले?

आता कोणी म्हणेल, हे असे का होते? त्याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२० मध्येच देऊन ठेवले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, तेच मुळी बहिष्कृतांच्या दुःखाला इतरांच्या पत्रांत जागा नाही म्हणून. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात घेतली नाही, याची नोंद पुढे बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये करून ठेवली. टिळक तेव्हा हयात होते. 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६). संसार, संशोधन, सभा, सत्याग्रह, राजकारण या सर्वांतून वेळ काढून एका माणसाने छत्तीस वर्षे वृत्तपत्राचा ध्यास सोडला नाही. त्यामागचे कारण आपण ओळखले पाहिजे. १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले सभागृहातील भाषणात त्यांनी सांगितले होते की पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो व्यापार झाला आहे आणि साबण तयार करण्यापलीकडे त्यात नैतिकता उरलेली नाही.

बातमी निवडणाऱ्यांच्या खुर्चीवर कोण बसले आहे, याची मोजणी नंतर झाली. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराने 'पायोनिअर'मध्ये कबूल केले की तीस वर्षांच्या पत्रकारितेत त्यांना एकही दलित पत्रकार भेटला नव्हता. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींतील एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम व न्यूजलाँड्री यांच्या पाहणीत संपादकीय नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा आकडा तेव्हाही शून्यच होता. ही पाहणी इंग्रजी-हिंदी माध्यमांची आहे. पण मराठीतले चित्र फार निराळे असेल असे मानायला आपला रोजचा अनुभव परवानगी देत नाही.

जातीबरोबर पैशाचाही विचार केला पाहिजे. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा पगारी माणूस नसतो. नाममात्र मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन, यावर तो जगतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानेच भरायची आणि त्याच पुढाऱ्याच्या माणसांनी वस्तीत केलेल्या दमदाटीची बातमीही त्यानेच द्यायची! माझ्या परिचयातला एक वार्ताहर चहा पिताना म्हणाला, "सर, ठाण्यातली बातमी फुकट मिळते. वस्तीतली बातमी आणायला पेट्रोल लागते." त्याच्या या बोलण्यात द्वेष नव्हता, हिशेब होता. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच उमेदवाराच्या स्तुतीचा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत जवळजवळ शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. तिच्या अहवालात संस्थांची नावे होती. २०१० मध्ये कौन्सिलने अहवाल प्रसिद्ध केला तो मात्र संक्षिप्त, नावे गाळून. विद्यार्थ्यांना हे सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, इथंबी कर्ता गेला!"

येथवरचा मार्ग सोपा आहे. अवघड भाग यापुढचा.

डिसेंबर २०२४ मधल्या एका रात्री माझ्या मोबाईलवर एक मजकूर आला. परभणीत मेलेल्यांचा मोठा आकडा त्यात दिला होता. मी तो वर्गाच्या गटावर पाठवला आणि खाली लिहिले, 'सर्वांना कळवा.' वर्तमानपत्रे दडपतात, हे आपले लोक सांगताहेत, असे माझे मन म्हणत होते. तो आकडा खोटा होता. पुढच्या रविवारी एका विद्यार्थिनीने सर्वांसमोर विचारले, "सर, त्या मजकुरात सांगणारा कोण होता?" तिचा भाऊ त्या दिवसांत शहरात कामाला होता. माझा मजकूर वाचून तिची आई रात्रभर दारात बसून राहिली होती. मी माफी मागितली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे माझ्या ध्यानात आले की मी मुलांना अर्धेच शिकवले होते. इतरांच्या बातमीवर शंका घ्यायला शिकवले, आपल्या बातमीवर नाही.

वृत्तपत्रे पक्षपाती आहेत हे कळल्यावर तरुण मुलगा लगेच पुढची पायरी चढतो. मग सगळेच खोटे. मग जे मला पटते तेच खरे. ही पायरी विद्रोहाची वाटते, पण ती आपल्याला खड्ड्यात नेणारी आहे. कोणतीच साक्ष मानायची नाही असे ठरले तर आईने दाखल केलेली याचिका, शवविच्छेदनाचा अहवाल, दंडाधिकाऱ्यांचा निष्कर्ष यांनाही किंमत उरत नाही. सत्य कोणालाच सापडत नाही असे झाले, की ज्याच्या हाती लाठी त्याचेच म्हणणे चालते. दुबळ्याला पुराव्याची गरज बलवानापेक्षा अधिक असते.

म्हणून आता आमचे पाच प्रश्न कोणत्याही मजकुराला लावले जातात, मग तो मोठ्या दैनिकातला असो, आपल्या चळवळीच्या पत्रकातला असो की मोबाईलवरचा. करणारा कोण? सांगणारा कोण? बातमी कधीपासून सुरू केली? घटनेला नाव कोणते दिले? पुढे काय झाले? हा लेखही मुलांपुढे ठेवला जाईल आणि त्यालाही हेच प्रश्न विचारले जातील.

केवळ वाचून भागत नाही, म्हणून आम्ही एक वही ठेवली आहे. प्रत्येकाने आठवड्याला एक बातमी लिहायची. चार वाक्ये. गाव, तारीख, कोणी पाहिले, कोणी सांगितले. शिष्यवृत्तीचे पैसे कोणत्या महिन्यापासून आले नाहीत, नळाचे पाणी वस्तीत किती दिवसांनी आले, मजुरीचा दर काय ठरला आणि हातात काय पडले. यात मोठे असे काही नाही. पण १९७८ मध्ये आमच्या वस्तीत अशी एक वही असती, तर माझ्या वडिलांना आपणच खोटे बोलतो की काय असे वाटले नसते.

त्या वहीतली एक बातमी गेल्या पावसाळ्यात छापूनही आली. शेजारच्या एका गावात स्मशानभूमीच्या रस्त्याचे काम अर्धवट राहिले होते आणि प्रेत चिखलातून न्यावे लागले होते. विद्यार्थिनीने लिहिले होते, 'ठेकेदाराने काम अर्धवट सोडले व अधिकाऱ्यांनी पाहणी केली नाही.' छापून आले, 'रस्त्याचे काम रखडले आहे.' ती कात्रण घेऊन विहारात आली, तेव्हा हसत होती. म्हणाली, "सर, रस्ता स्वतःच रखडला." मग तिने तेथेच बसून संपादकांना दुसरे पत्र लिहिले. सभ्य भाषेत, ठेकेदार आणि अधिकारी यांना पुन्हा वाक्यात आणून. ते पत्र अजून छापलेले नाही. तिने त्याची प्रत वहीत चिकटवून ठेवली आहे आणि खाली तारीख घातली आहे.

ते कात्रण मी घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवले. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण प्रश्न तोच. "हे खरं हाय का रं?" मी म्हटले, "खरं आहे बाबा, पण अर्धं आहे." ते म्हणाले, "मग राह्यलेलं अर्धं कोन लिव्हनार?"

प्रत्येक वस्तीत जेथे दोन मुले लिहू-वाचू शकतात, तेथे अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच माझी शिक्षक व कार्यकर्ते बंधू-भगिनींना विनंती आहे.